घर शोधतोय

सरांचा संगणक तीन आठवड्यांपासून दगा देत होता. कधी पहिल्या झटक्यात सुरू व्हायचा, तर कधी काळ्या पडद्यावर एकच ओळ टाकून ठप्प होऊन बसायचा: घर सापडत नाही.

ती ओळ सरांचीच. इंग्रजी अक्षरांची ती धावपळ बघून काकूंच्या छातीत धडधडायचं, म्हणून लिनक्स ही संगणकप्रणाली सुरू होताना दिसणारे तीन-चार संदेश सरांनी मराठीत लिहून ठेवले होते. घर शोधतोय. घर सापडलं. सर जाऊन आठ महिने झाले होते, तरी काकू सकाळी उठल्या की आधी यंत्राचं बटण दाबायच्या. 'घर सापडलं' उमटलं की त्यांचा दिवस उजाडायचा.

सरांच्या हाताखाली शिकून दुरुस्तीचं दुकान थाटलेली त्यांची विद्यार्थिनी सोमवारी आली. काकूंची मुलगी रविवारी त्यांना कायमचं न्यायला येणार होती. यंत्र चालू राहिलं तर मी इथेच राहीन, नाही तर तुझ्याबरोबर येईन, असं काकूंनी लेकीला सांगून टाकलं होतं.

विद्यार्थिनीनं आधी सरांचं सगळं लिखाण वेगळं काढून ठेवलं. मग काकूंना समजावलं, की यंत्र जागं होताना पहिल्यांदा एक छोटं गाठोडं उघडतं. मोठी डिस्क कुठे आहे ते शोधण्यापुरतं सामान त्यात असतं. ते गाठोडं, म्हणजे बूट इमेज, बिघडलं असावं. तिनं ते नव्यानं बांधलं. यंत्र दोनदा सुरू झालं, तिसऱ्यांदा अडलं.

मंगळवारी तिनं मेमरी तपासली, बुधवारी डिस्क बदलली, वायरसुद्धा नवी घातली. प्रत्येक वेळी गाठोडं बांधून त्याचा आकार वहीत टिपला, आणि निघताना वीजजोडणी काढून टाकली.

गुरुवारी सकाळी गाठोडं वीस-बावीस अक्षरांनी मोठं झालं होतं.

कोणी हात लावला का, असं तिनं विचारलं. काकूंना चालू आणि बंद यापलीकडे काही येत नव्हतं, आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. आपलंच टिपण चुकलं असेल, म्हणून तिनं गाठोडं पुन्हा बांधलं, दोनदा मोजलं, विजेची वायर काढून पिशवीत टाकली आणि घरी नेली.

शुक्रवारी ते आणखी वाढलेलं होतं.

तिनं ते गाठोडं उघडून एकेक फाइल पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. फक्त सरांच्या संदेशांच्या फाइलमध्ये शेवटी दोन ओळी जास्त होत्या.

घर तेच आहे.
खोली कुठे गेली?

काकूंना सांगावं की नाही, हे ठरेना. शेवटी तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला.

काकूंनी चष्मा लावून दोन्ही ओळी सावकाश वाचल्या. मग पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "माझंच चुकलं गं. हे मागच्या खोलीत बसायचे. मला तिथे एकटीला बसवेना, म्हणून गेल्या महिन्यात टेबल इकडे ओढून घेतलं."

"काकू, यंत्राला खोली कळत नाही."

"नसेल कळत. तू एका बाजूनं धर."

दोघींनी टेबल ढकलत मागच्या खोलीत नेलं. तिनं वायरी जोडल्या. काकू सरांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर टेकल्या. खुर्ची त्यांनी रिकामीच ठेवली.

बटण दाबलं.

घर शोधतोय.

पंखा घुमू लागला.

घर सापडलं.

तिनं यंत्र दहा वेळा बंद करून चालू केलं. दहाही वेळा सापडलं. गाठोडं मोजलं, तर आकार तिनं बांधला होता तेवढाच. त्या दोन ओळी कुठेच नव्हत्या. काकूंनी तिथूनच लेकीला फोन लावला आणि रविवारी भेटायला ये, न्यायला नको, असं सांगितलं. त्यांचा आवाज इतका मोकळा तिनं कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

दुपारचे बारा वाजले होते. तिनं पिशवी उचलली, सकाळी ज्या दारानं आत आली त्या पुढच्या दाराशी गेली आणि थबकली.

दाराची वरची कडी आतून लावलेली होती.

"काकू," तिनं हाक मारली, "वरची कडी तुम्ही लावलीत?"

"तिथवर माझा हात कुठे पोहोचतो?" मागच्या खोलीतून काकूंचा शांत आवाज आला. "घरी आले की ती हेच लावायचे."

तिनं कडीकडे हात नेला.

"राहू दे लावलेली," काकू म्हणाल्या. "तू मागच्या दारानं जा."