सत्तावीस नंबरची तार

म्हैसूरच्या त्या बियाणे संशोधन प्रयोगशाळेत चाळीस खोल्या होत्या आणि वेगवान नेटच्या नव्या तारा पहिल्या टप्प्यात बाराच खोल्यांना मिळणार होत्या. कोणत्या बारा, ते विशालाक्षीने ठरवायचं होतं. श्रीकंठची सत्तावीस नंबरची खोली तिने बिनदिक्कत यादीच्या तळाशी टाकली.

दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले होते. तो उपसंचालक झाला, ही अजून तारा जोडत बसली होती. त्यात माणूस गोड. दसऱ्याला घरचा म्हैसूरपाक आठवणीने आणून द्यायचा. त्यामुळे तर तिच्या पोटात जास्तच दुखायचं.

सोमवारी तिने सगळ्या खोल्यांचा वेग मोजला. सत्तावीसची तार वीस वर्षं जुनी, उंदरांनी कुरतडलेली. तरी तिचा वेग नव्या तारेच्या दुप्पट. वेग मोजायचं यंत्र बदलून पाहिलं, आकडा तोच. इथेही याचाच पहिला नंबर, या विचाराने तिचा जळफळाट झाला. दुरुस्तीचं निमित्त करून तिने आपल्या टेबलाशेजारच्या कपाटातून सत्तावीसची तार उपटून टाकली.

मंगळवारी ती त्याला मेल लिहायला बसली, की तुझं नेट काही दिवस बंद राहील. अर्धी लिहून होते तोच त्याचं उत्तर आलं. ‘हरकत नाही, विशाला. मी थांबतो.’ खाली तिची मेल होती. पूर्ण.

ती तरातरा त्याच्या खोलीत गेली. “मला उत्तर कुठून पाठवलंस?”

“कसलं उत्तर? कालपासून नेट कुठंय माझं?” श्रीकंठ हसला. “तूच तोडलंस ना, बाई?”

गुरुवारी संचालकांनी तिची योजना मंजूर केली. पण यादी बदलून, पहिली खोली सत्तावीस. आणि योजनेवर नाव एकट्या श्रीकंठचं.

ती जागेवर आली, तर त्याची मेल येऊन पडली होती.

‘विशाला, माफी कशाला मागतेस? जिना नुकताच पुसला होता. तुझा हात लागला, हे मी कुणाला सांगणार नाही. फारसं दुखलंही नाही.’

खाली तिची मेल. तारीख पुढच्या सोमवारची.

तिने कपाट उघडलं. तार तशीच लोंबत होती.

“कॉफीला चल,” दारातून श्रीकंठ म्हणाला. “योजनेवर तुझंही नाव घालायला सांगतो मी त्यांना.”

तुझंही.

बाहेर झाडूवाल्या बसम्मा जिना पुसून बादली उचलत होत्या.

“तू पुढे हो,” विशालाक्षी म्हणाली. “मी आहे मागे.”