जमिनीवर आवाज आढळला नाही

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. भुतं रात्री येतात म्हणे. आमच्या घरी जे यायचं ते दुपारी चार वीसला यायचं.

माझे बाबा हवाई दलात मेकॅनिक होते. युद्ध सुरू होतं. तळावरच्या तंबूत मुक्काम, दोन-दोन दिवस डोळ्याला डोळा लागत नसे. बाबांकडे एकच विमान आणि त्याचे एकच पायलट. त्यांना सगळंच खटकायचं, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं कुरकुरसाहेब.

प्रत्येक विमानाचं एक रजिस्टर असतं. पायलट उतरला की बिघाड लिहितो. मेकॅनिक त्याखाली उत्तर लिहून सही करतो. मग पायलट शेवटची सही करतो, म्हणजे विमान ताब्यात घेतलं.

या दोघांनी त्या रजिस्टरची पार थट्टा करून टाकली होती.

"सीटमध्ये काहीतरी टोचतं."

"साहेबांचीच पेन्सिल. काढली."

वरचे अधिकारी ओरडायचे. पण दोघांचा एकमेकांवर जीव होता.

त्या दिवशी साहेबांनी लिहिलं, "सीटमागे टकटक आवाज. हवेत असतानाच येतो."

बाबांनी सीट काढली. आत हात घालून चाचपलं. इंजिन चालवून कान लावला.

काहीच नाही...

आणखी शोधायला हवं होतं. पण पुढच्या उड्डाणाचा हुकूम आला होता आणि बाबांचे डोळे मिटत होते. त्यांनी लिहिलं, "जमिनीवर आवाज आढळला नाही." सही केली.

साहेब हसले. "कसा आढळणार? वर चल की माझ्याबरोबर!" आणि त्यांनीही सही ठोकली.

तीन वाजता विमान उडालं. साडेतीननंतर वायरलेसवर... काहीच नाही.

बाबा रजिस्टर मांडीवर घेऊन हत्यारांच्या पेटीवर बसून राहिले. अंधारून आलं तेव्हा त्यांनी ते उघडलं.

साहेबांच्या सहीखाली एक नवी ओळ होती. त्यांच्याच अक्षरात.

"आता जमिनीवरही येतो." वेळ... चार वीस.

चौकशीत बाबांवर ठपका आला नाही. विमान शत्रूने पाडलं की त्या आवाजापायी पडलं, ते कधीच कळलं नाही. पुढे रजिस्टर रद्दीत निघालं, तेव्हा बाबांनी ते घरी आणलं.

त्याच्याबरोबर आवाजही आला.

टक्... टक् टक्...

रोज चार वीसला, बाबांच्या खुर्चीमागे. आईने खुर्च्या बदलल्या, भिंतीचा गिलावासुद्धा काढून पाहिला. मी तो लहानपणापासून ऐकलाय. बाबांनी पुन्हा कधी कशावर सही केली नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर आईची सही असायची. लग्नाच्या रजिस्टरवर मामाची आहे.

गेल्या वर्षी बाबांनी अंथरूण धरलं. एका दुपारी म्हणाले, "रजिस्टर आण गं."

साहेबांच्या शेवटच्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, "आवाज ऐकला. मी नीट शोधलं नव्हतं." आणि चाळीस वर्षांनी सही केली.

त्या दिवशी चार वीसला आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पण बाबांना चैन पडेना. डोळे उघडले की एकच. "साहेबांनी सही केली का गं? विमान घेतलं त्यांनी?"

ती जागा कोरीच होती.

मला त्यांचे हाल बघवेनात. आधीच्या पानावरची साहेबांची सही मी स्वयंपाकघरात बसून चार वेळा गिरवली. मग त्या कोऱ्या जागेत केली आणि बाबांना नेऊन दाखवली.

बाबांनी सहीवरून बोट फिरवलं. "घेतलं..." एवढंच म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. संध्याकाळी ते गेले.

मी चांगलंच केलं, असं नवरा म्हणतो. मलाही तसंच वाटायचं.

महिन्याभराने मी माझ्या घरी, टेबलाशी बसून भाजी निवडत होते.

टक्... टक् टक्...

माझ्या खुर्चीमागे.

घड्याळाकडे बघायची गरज नव्हती. मी उठून, बाबा गेल्यावर माझ्याकडे आणून ठेवलेलं रजिस्टर कपाटातून काढलं. मी केलेल्या सहीखाली एक ओळ होती. तेच अक्षर...

"ही सही माझी नाही."

साहेबांची मला भीती वाटत नाही. पण बाबा आता तिकडेच आहेत ना... त्यांना हे कुणी सांगितलं असेल का?