सावलीचे माप

पूर्वेच्या समुद्रावर सूर्य वर आला, तशी लिंडारा नगराच्या तटाची काळी सावली पश्चिमेकडे, तीन महिने वेढा घालून बसलेल्या शत्रूच्या छावणीच्या रोखाने पसरली. त्या छावणीत पायात बेड्या घातलेले एव्हांद्रोस उभे होते. भूमितीत ज्यांचा शब्द साऱ्या ग्रीक नगरांत अखेरचा मानला जाई, असे हे लिंडाराचे वृद्ध गणिती तटाबाहेरच्या आपल्या मळ्यात शत्रूच्या हाती लागले होते. सेनापती ब्रासिलासाने त्यांना तटाची उंची काढून देण्याची आज्ञा केली होती, म्हणजे तेवढ्या उंचीच्या शिड्या करवून तटावर थेट हल्ला करता येईल. आपण नकार दिला तर हा दुसरा गणिती धरून आणील, हे ओळखून त्यांनी होकार दिला होता.

त्यांनी जमिनीत काठी रोवली. छावणीचा मुख्य सुतार मीकॉन याने तिची सावली मोजून आकडा पाटीवर लिहिला. मग तटाची सावली मोजायला दोघे ढालींच्या आडोशाने निघाले. वरून बाण येत होते. बेडीने घोटा सोलला म्हणून एव्हांद्रोस वाटेत दोनदा बसले, पाणी मागितले. सूर्य चढत होता, सावल्या आखडत होत्या, आणि मीकॉनच्या ते ध्यानात येते की काय, म्हणून ते त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. दुसरे माप घेईपर्यंत घटका उलटली. चाळीस हातांचा तट हिशेबात चौतीस भरला.

पाचव्या दिवशी हल्ला झाला. शिड्या तटाच्या माथ्याला पोचल्याच नाहीत. त्यांवर अडकलेली माणसे वरून लोटलेल्या दगडांखाली चिरडली गेली.

संतापलेल्या ब्रासिलासाने मीकॉनला गुडघ्यांवर बसवले. आकडे त्याच्याच अक्षरातले होते, तेव्हा फितुरीही त्याचीच ठरली. ज्यांचा शब्द अखेरचा, त्या गणितींवर कोणाचा संशय नव्हता. तलवार उपसली गेली.

“सेनापती, त्याला सोडावे,” एव्हांद्रोस पुढे होऊन म्हणाले. “त्याने लिहिलेला एकही आकडा खोटा नाही. काठीची सावली मी आधी मोजवली, तटाची उशिरा. मधल्या वेळात सूर्य वर गेला, तटाची सावली आखडली आणि उंची कमी भरली. हे मी जाणूनबुजून केले.”

“आपण गप्प राहिला असता, तर वाचला असता,” ब्रासिलास म्हणाला.

“तट चढायला आलेल्यांच्या मरणाचा भार मी उचलला आहे. याच्या मरणाचा मला उचलवणार नाही.”

मीकॉनवर उगारलेली तलवार एव्हांद्रोसांवर पडली.

आठवडाभरात हताश सैन्याने वेढा उठवला. मीकॉन मात्र मागे राहिला, आणि निःशस्त्र होऊन लिंडाराच्या वेशीपाशी गेला. पहारेकऱ्याने भाला रोखून तो कोण, कुठला, ते विचारले.

“तुमचे एव्हांद्रोस माझ्याऐवजी गेले,” तो म्हणाला. “त्यांना कुठे पुरले आहे, ते दाखवायला आलो आहे.”