कॉम्प्युटरला बांधलेला दोरा

झेंडूची माळ घातलेला एक कॉम्प्युटर.

पोलिसांना निनावी फोन: "वडगावात अमृतच्या दुकानात भरतीचा फुटलेला पेपर हाय."

पुरणपोळी खाऊन दुपारभर घोरणारा अमृत.

साड्यांची डिझाइन काढणारा हा अमृत दसऱ्याच्या सकाळी कोठडीत गेला आणि त्याची आई सत्यवती थेट राजेश्वरीआक्काकडे आली. आक्का खासगी तपास करायची. मष्णू तिची गाडी चालवायचा आणि चुकीचे अंदाज बांधायचा.

"पेपर खंडेनवमीला दुपारी कॉम्प्युटरात शिरला म्हणत्यात," सत्यवती म्हणाली. "त्या दिवशी हत्याराला कोण हात लावतंय? कापड झाकून अखंड दोरा बांधलता मी. सुरगाठीवर कुंकू लावलतं. पोलिसांनी फोटो काढून सोडला."

"अमृतनंच आधी सोडून परत बांधला असंल तर?" मष्णू म्हणाला.

"त्येला? मागावरचा सुताचा तुटका तार जोडता येत न्हाय, म्हणून तर कॉम्प्युटर घिऊन दिला!"

दोरा दुकानातल्या पूजेच्या ताटात होता. आक्काने तो बोटांतून सरकवला. एका जागी बोट अडखळलं.

दुकानाची दुसरी किल्ली रचनाकडे. खानापूरची ही पोरगी अमृतकडे काम शिकत होती. ती साड्यांचा गठ्ठा बांधत होती. गाठ सुटली, परत बांधली, परत सुटली.

"सर असलं करणार न्हाईत," ती रडवेली होऊन म्हणाली.

तिसरी किल्ली शेजारच्या जागामालक नागराजकडे. दुकान रिकामं कर म्हणून तो अमृतच्या मागे लागला होता.

"मी निपाणीला भणीकडं गेलतो, आक्का. कॉम्प्युटरातलं मला काय कळतंय?" तो मागावर विणत बसला होता; बोलता बोलता तार तुटला, त्याने न बघताच जोडला. कमरेच्या किल्ल्यांना हिरवा पेनड्राइव्ह लटकत होता. "ह्यो? गाणी हायत."

"रचनाच!" बाहेर येताच मष्णू म्हणाला. "कॉम्प्युटर तिलाच येतोय."

"तू गाडी चालव."

पोलीस ठाण्यात आक्काने सगळ्यांना बोलावलं.

"फाईल कॉम्प्युटरात सापडली म्हणजे ती मालकानेच ठेवली, असं नाही," ती फौजदाराला म्हणाली. "सुरगाठ ओढली असती तर कुंकू सांडलं असतं. म्हणून कुणीतरी दोरा मागून तोडला आणि काम झाल्यावर जोडला. हा जोड बघा. बारीक, टोकं कापलेली, मागाच्या फणीतून सहज जाईल असा. रचनाला गठ्ठा बांधता येत नाही. अमृतला तार जोडता येत नाही."

"सत्यवतीबाईबी विणकरच की," फौजदार म्हणाला.

"पूजेला तुटका दोरा त्या बांधतील? आणि आपल्याच लेकाला अडकवतील? विणकराची बोटं सवयीनं वागली, साहेब. शिवाय कॉम्प्युटर आत घातलेल्या पेनड्राइव्हची ओळख विसरत नाही. नागराजअण्णा, गाणी ऐकूया?"

नागराजचा हात किल्ल्यांवर गेला आणि तिथंच थिजला.

ओळख जुळली. मोबाइलवर फिरणारा पेपर त्यानेच उतरवून आणला होता; निनावी फोनही त्याचाच.

"नुसता घाबरून दुकान सोडंल वाटलं," तो खाली बघत म्हणाला.

अमृत सुटला. गाडीत सत्यवतीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "आता तरी तार जोडायला शिक, रं!"

"आधीच शिकलो असतो, तर आज आतच असतो, आई."

मष्णूला इतकं हसू आलं की त्याने गाडी बाजूला घेतली.

खंडेनवमीच्या सकाळी तो दोरा आधी अमृतने बांधला होता, पण त्याची गाठ सुटली, म्हणून मग सत्यवतीने बांधला होता.