डावीकडची

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण मी त्या खोलीत होते, शुद्धीत होते आणि भर दुपार होती. दवाखान्यातली बाळंतिणीची खोली. भेटायला आलेली माणसं निघून गेलेली. व्हरांड्यात चपलेचाही आवाज नाही.

खाटेवर माझी धाकटी बहीण. पाळण्यात तिची नवी नवी लेक.

पाचव्या महिन्यात धाकटीला दोन्ही कडांचं दिसेनासं झालं होतं. समोर उजेड, बाजूंना काळोख. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिथे गाठ होती. पोटात बाळ वाढत होतं, डोक्यात गाठ. नाकावाटे ऑपरेशन झालं. बाळ वाचलं, उजवीकडचं दिसू लागलं. डावीकडे मात्र काळोखाची एक चीर राहिली... उरलेली गाठ बाळंतपणानंतर काढायची ठरली.

आणि दूध आलंच नाही.

"दुधाचा हुकूम जिथून सुटतो, ती ग्रंथीच दुखावलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वरचं दूध द्या."

लेक बाटलीला तोंड लावेना.

पण रडतही नव्हती.

नर्सने वजन केलं. वाढलं होतं. "मावशी, गुपचूप पाजता आणि वर माझ्याकडे तक्रार करता होय?" ती हसली.

मी हसले नाही. बाटली माझ्याच हातात होती... काठोकाठ.

त्याच दुपारी आवाज आला.

चुटूक... चुटूक... मग घोट गिळल्याचा.

मी पाळण्यात वाकले. लेकीचे ओठ हवेत हलत होते. कोपऱ्यातून पांढरा थेंब ओघळला. बोटाने टिपला...

कोमट होता.

"पुसू नकोस, ताई," धाकटी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "तिला आवडत नाही."

"कुणाला?"

"डावीकडे बसते तिला. त्या काळोखातच दिसते. मान वळवली की नसते."

"कशी आहे?"

"छातीशी ओली असते गं. कायम. तोंड बाळाकडे." मग हळूच म्हणाली, "मला दुसरं ऑपरेशन नको. काळोख गेला तर ती बसेल कुठे? माझी पोर उपाशी मरेल."

"आणि अख्खी आंधळी झालीस तर? पोरीला कुणाच्या डोळ्यांनी बघशील?"

रडत रडत तिने सही केली.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरबाईंनी कडेला बोटं हलवली, धाकटीने सगळी मोजली. मग मी लेकीला आत नेलं. धाकटीने डावीकडे पाहिलं. खुर्ची, भिंत, ऊन. बस्स.

मी बाटली लेकीच्या ओठांशी नेली. मनात देवाला हाका मारत होते.

तिने तोंड फिरवलं.

चुटूक... चुटूक...

धाकटी पांढरीफटक पडली. "गेली नाही, ताई. आधी निदान दिसायची गं. बाळाला कशी धरते, ते तरी कळायचं."

लेक आता रांगायच्या वयाची झाली. अंगावर असं बाळसं की लोक कौतुकाने गाल ओढतात. बाटली रोज भरते, रोज तशीच मोरीत ओतते. धाकटी तिला कडेवरून उतरवत नाही. लेक मात्र कडेवरून झेपावते... जिथे कुणीच नसतं तिथे.

काल माझ्यासमोर झेपावली. धाकटीने कमरेला धरून मागे ओढली.

लेक मागे आली नाही.

तिचा एक हात हवेत ताणलेला होता... आणि मनगटाशी कातडी बोटांखाली दबावी तशी दबलेली.