साठ पावलांची रेघ

बागस, थोरल्या काकाचं ऐक, तो फोन जरा खाली ठेव. आत्ता नकाशावर बोटाने दोन रस्ते जोडलेस ना? मधला तुकडा डोळ्यांनी पाहिला आहेस?

"पाकदे, आकाशातून काढलेल्या फोटोत स्वच्छ दिसतोय. पायवाट आहे."

गिमानलाही स्वच्छ दिसला होता. बसा सगळे. आल्याचा काढा संपेपर्यंत सांगतो. गिमान माझा शेजारी. एकाच शाळेत आम्ही तीस वर्षं शिकवलं. तो भूगोल, मी गणित. ज्याला हे खोटं वाटेल त्याने त्याच्या दारात जाऊन विचारावं.

निवृत्त झाल्यावर त्याला सायकलीचं वेड लागलं. चालवायचा कमी, आखायचा जास्त. दर रविवारी सायकल मंडळाची चाळीसेक माणसं निघायची ती त्याने नकाशावर आखलेल्या वाटेने. चढ किती, सावली कुठे, नाश्त्याला कुठे थांबायचं, सगळं ठरलेलं. त्यासाठी वापरायचा तो नकाशा असा, की कोणीही त्यात रस्ता काढावा आणि तो साऱ्या जगाला दिसावा. कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, शेतांमागे दोन पायवाटा समोरासमोर येऊन थांबल्या होत्या. मध्ये साठ पावलांची फट. फोटोत तिथे फिकट, सपाट पट्टा. गिमानने रेघ ओढून टाकली. ट्रकचा मोठा रस्ता टळला, चार किलोमीटर वाचले.

तीन-चार आठवड्यांनी त्या रेघेवर तांबूस छटा आली. सायकली जिथून जातात तिथे नकाशा तांबडा होतो, तुम्हाला माहीतच आहे. गिमान खूश. "बघ मास्तर, लोक जायला लागले!"

"लोक जाऊ देत. तू गेलायस का?"

"तुम्ही गणितवाले मेले संशयी."

त्याची बायको, बू तुमीना, फार सोज्वळ बाई. सोमवार-गुरुवारचा उपास तिने कधी मोडला नाही. ताट वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, या रविवारी सगळ्यांच्या पुढे आपली रतिह असणार. तेही पहाटेच्या अंधारात. एकदा बघून या ना. माझ्या जिवाला बरं वाटेल."

रतिह त्यांची एकुलती लेक. गिमान तयार झाला.

ऑगस्टातला दुसरा गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या पंचांगातला क्लिवोनचा शुक्रवार, भुताखेतांचा; त्याच्या आदल्या रात्री आपल्याकडे कोणी उंबरा ओलांडत नाही. पण गिमान हट्टी. "अंधारातच बघतो. दिवा पुरतो की नाही तेही कळेल," म्हणाला आणि साडेनऊला सायकलवरून निघाला.

मशिदीपर्यंत डांबरी रस्ता. पुढे माती. दोन्ही बाजूंना उंच कसावा. वारा नव्हता.

आधी वास आला. शिळ्या भातासारखा आंबूस. शंभर पावलांवर तो ओल्या कुत्र्यासारखा झाला. पुढे तर नाकातून उतरून जिभेवर बसला. गिमानने सदऱ्याने तोंड बांधलं. थुंकला. चव जाईना.

दिव्याच्या उजेडात रस्ता दिसला. पांढरा. सपाट. मध्ये मध्ये गवताची पाती.

"आहे की रस्ता," तो स्वतःशीच म्हणाला. उतरला आणि एक पाय ठेवला.

पाय घोट्यापर्यंत आत गेला.

आत... उबदार होतं.

त्याने पाय उपसला. भिजून कुजलेल्या साबुदाण्यासारखा लगदा. बोटांमधून ओघळणारा. आणि तो हलत होता. अळ्या. मूठमूठ अळ्या. पिठाच्या कारखान्याचा खड्डा होता तो. कसावा धुतलेलं पाणी, साली, चोथा, महिनोन्‌महिने सडलेलं. वर उन्हाने साय धरली होती. आकाशातून बघणाऱ्याला ती पायवाट दिसत होती.

गिमान ओकला. तिथेच, गुडघ्यांवर.

तेवढ्यात घंटा वाजली.

सायकलची. एकदाच.

खड्ड्याच्या मधून.

मग चाकांचा आवाज. पचक... पचक... दिवा तिकडे करायची हिंमत झाली नाही.

"पाक... जरा जाऊ द्या."

वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं, अगदी अदबीने. पण घास तोंडात असताना बोलावं तसं.

आता आपली सवय तुम्हाला माहीत आहे. कोणी वाट मागितली की तोंड आपोआप बोलतं. मनात काही नसतं. गिमानच्याही तोंडातून गेलं.

"या, या. घरी या कधीतरी."

आपण हे सगळ्यांनाच म्हणतो. कोणी येत नाही, म्हणून तर म्हणतो.

चाकं थांबली.



"...येतो."

गिमान कसा घरी आला ते त्याला आठवत नाही. पाय न धुता आधी संगणक लावला. रेघ पुसली. मंडळाला कळवलं, रविवारी मोठ्या रस्त्याने जायचं. मग मोरीत बसून बराच वेळ पाय घासत राहिला.

गिमानने कळवल्यावर शुक्रवारी कारखान्याने खड्डा उपसला. एक माणूस निघाला, सायकलसकट. दूरच्या गावचा, इथे कोणाला माहीत नसलेला. मरून तीन आठवडे झाले असावेत. कातडी उकडलेल्या कसाव्यासारखी सुटून येत होती, आणि तोंड... घशापर्यंत तो पांढरा लगदा ठासलेला. हँडलला फोन, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला. नकाशावरची ती तांबूस छटा याचीच; कोणत्या रेघेवरून आला होता ते पोलिसांना गिमाननेच सांगितलं. दफनाला गेला आणि कबरीपाशी लहान मुलासारखा रडला.

रविवारी रतिह मोठ्या रस्त्याने गेली, सुखरूप परत आली.

पुढच्या गुरुवारी बू तुमीनाने उपास सोडला आणि एक ताट जास्तीचं वाढलं. भात, सोयाबीनचं तेंपे, मेलेल्यांसाठी करतात ते तांदळाचे गोड अप्पे. स्वयंपाकघराच्या दारात पाटावर ठेवलं.

"वेडी झालीस का?" गिमान म्हणाला.

"तुम्ही बोलावलंत ना? मग तो उपाशी कसा जाईल? जेवला की त्याला वाट सापडेल. अल्ला दयाळू आहे."

रात्री अकराला वास आला.

घंटा. एकदाच.

दोघंही उठली नाहीत. ती अंधारात दुआ पुटपुटत राहिली.

सकाळी मी गेलो, म्हणून सांगतो. ताट रिकामं होतं. फरशीवर फाटकापासून पाटापर्यंत चाकाची एक पांढरी, ओली रेघ. गिमानने ती तीनदा धुतली, तरी जाईना.

"अहो, राहू द्या," बू तुमीना हळूच म्हणाली. "दमला असेल. बसू दे."

मी वाकून बघितलं. अंगण बघितलं, फाटक बघितलं, बाहेरचा रस्ता बघितला.

आत आलेली रेघ होती.

बाहेर गेलेली... नव्हती.