तिसऱ्या पिनेवरची तार

"सुनेनं माझ्या बायकोचा आवाज मिटवला, ताई! सगळ्या गल्लीला सांगितलंय मी." खुर्चीत बसायच्या आधीच रामकिसन बोलून मोकळा झाला.

बायको सत्यभामा जाऊन वर्ष होत आलं होतं. तिनं गायलेल्या भीमगीतांची एकच कॅसेट, ती येत्या रविवारी तिच्या पुण्यानुमोदनाला लावायची होती. आता त्यात पेटी वाजे, ढोलकी वाजे, बाईचा मात्र पत्ता नाही.

ताईंचा मदतनीस, निवृत्त हवालदार सखाराम, याचं टाळकंच सरकलं. काय ही सून! खासगी तपास करणाऱ्या सुरेखाताई मात्र रामकिसनचा भाजलेला अंगठा बघत होत्या.

रामकिसनच्या गारखेड्यातल्या घरी दारातच सून करुणाची बॅग भरलेली. "चोर ठरवलंय, मग कशाला राहू? पिशोरला माहेरी चालले. शनिवारी कपाट झाडताना टेपच्या मशीनची एक वायर निघाली, ती आबांना लगेच सांगितली."

"आबांशी कॅसेटच्या मोठ्या आवाजावरून भांडलात म्हणे?" ताईंनी विचारलं.

"व्हय, भांडले. म्हणून सासूचा गळा पुसून टाकीन?"

तिचा नवरा प्रणय मान खाली घालून म्हणाला, "आबा त्या मशीनला कुणाला हात लावू देत नाय."

"कशाला देऊ?" रामकिसन फुशारला. "तीस वर्षं वायरमन होतो. निघालेलं टोक त्याच दिवशी कथलाचा डाग देऊन जोडलं. जुन्या ॲम्प्लिफायरच्या वायरी मीच बांधल्या होत्या."

"तो कुठंय?"

"दिवाळीत विकला. हा नवा, वायरींसकट आला."

"आणि हे मोनोचं बटण दाबलेलं?"

"डावा कान गेलाय. दोन्ही बाजू एकत्र ऐकतो."

"सूनच, ताई," सखाराम कुजबुजला.

"गप ऱ्हा. कॅसेट पुसणारा पेटी-ढोलकी ठेवून नेमका गळाच कसा पुसेल?"

ताईंनी बटण सोडलं. सत्यभामेचा आवाज आला! पातळ, विस्कटलेला, पण आला. रामकिसन उठून उभा राहिला.

"या वायरीत तीन तारा," ताई म्हणाल्या. "एक जमिनीची म्हणजे अर्थिंगची, एक सुराची, एक त्याच सुराची उलटी. तुमच्या जुन्या ॲम्प्लिफायरला सूर प्लगच्या तिसऱ्या पिनेवर लागत असणार. नव्याला दुसरीवर लागतो. तुम्ही सवयीनं तिसरीवर डाग दिलात, तेव्हाच अंगठा भाजला. त्यामुळं एक बाजू उलटी झाली. पेटी एकीकडं, ढोलकी दुसरीकडं, म्हणून ती वाचली. गाणारी मधे, दोन्हीकडं सारखी. मोनोत दोन्ही बाजू मिळाल्या की सुलटी आणि उलटी एकमेकींना खातात. प्लग उघडा, बघा."

दुसऱ्या वायरीचा प्लग शेजारी ठेवून रामकिसननं बघितलं; त्याच्या प्लगातल्या तारा खरंच उलट्या होत्या. सखाराम लाजून खिडकीबाहेर बघायला लागला. म्हाताऱ्यानं तारा बदलल्या, बटण दाबलं, आणि सत्यभामा खोलीच्या मधोमध गाऊ लागली. तो ढसाढसा रडला.

"पोरी, चुकलो मी. माफ कर."

करुणानं बॅग उचलली नाही, पण तिच्यावरचा हातही काढला नाही. "माफी मला एकटीला नको, आबा. गल्लीला सांगितलं होतंत ना? मग रविवारी गल्लीपुढंच सांगा, चूक कुणाची होती."

रामकिसननं डोळे पुसले. "सांगतो. आधी सांगतो, मग कॅसेट लावतो."